सशाचा उजवा कान

६ ऑक्टोबर, सोमवार

सशाचं डोकं झालं. ह्यांनी ते जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटासमोर आणून ठेवलं. "बघ गं, कसं झालंय?" मी म्हटलं, "बरं आहे."

बरं! सुरेख झालंय मेलं. गोल, गच्च, एक टाका इकडचा तिकडे नाही. इथे कोण वाचतंय, खरं लिहायला काय हरकत आहे — मला हेवा वाटला. स्वतःच्या नवऱ्याचा. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. सशावरून!

त्यांना विणायला शिकवलं कोणी? मी. गेल्या वर्षी झटका आला तेव्हा डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. हळूहळू खांदा आला, कोपर आलं, बोटं काही येईनात. दवाखान्यातली व्यायामवाली म्हणाली, "काका, चेंडू दाबून कंटाळाल. बोटांना रोजचं काहीतरी काम द्या." म्हणून मी माझ्या सुया त्यांच्या हातात दिल्या. मी स्वतः लोकर उजव्या हातात धरते, पण त्यांना मुद्दाम डाव्या करंगळीभोवती गुंडाळायला लावली, तिलाच जास्त व्यायाम हवा होता म्हणून. पहिला महिना नुसते टाके घालायचे आणि पाडायचे. बोटांवर बोटं धरून शिकवलं. वाटलं होतं, पंधरा दिवस करतील आणि ठेवून देतील. पस्तीस वर्षं लेथवर लोखंड कापलेला माणूस, लोकरीशी त्याचं काय जमणार!

जमलं. इतकं जमलं की मार्चमध्ये दवाखान्याच्या चकरा संपल्या, पण सुया काही माझ्याकडे परत आल्या नाहीत.

७ ऑक्टोबर

हे अंघोळीला गेले तेव्हा डोकं उलटंपालटं करून नीट पाहिलं. चूक सापडली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लेकीचा फोन. ससा नातीच्या वाढदिवसासाठी आहे, सात डिसेंबरला ती सगळी इकडे यायची आहेत. नातीने आजोबांना यादी सांगितली. लाल कोट. कोटाला खिसा, पण खोटा नाही, हात आत जाणारा. चष्मा. गळ्यात पिशवी. आणि छत्री. "उघडली पाहिजे हं आजोबा, नुसती दिसायला नको!" हे कागद-पेन्सिल घेऊन लिहून घेत होते, जणू मोठ्या साहेबाचा हुकूम.

मग फोन माझ्याकडे आला. "आजी, तू काय करतेस?" म्हटलं, भाजी चिरतेय. "अच्छा," म्हणाली आणि गेली.

तिच्यासाठी गेल्या थंडीत निळा स्वेटर केला होता. पुढे बदकांची रांग, सात बदकं, प्रत्येकाची चोच वेगळ्या लोकरीची. एकदा घातला. लेक म्हणाली, "आई, तिला टोचतं गं. आजकाल मुलं लोकरीचं नाहीच घालत." ठीक आहे. नाही घालत. आणि हा ससा काय लोण्याचा करताहेत? त्याच दुकानातली, तीच लोकर! सशाची नाही टोचणार वाटतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मागच्या खोलीत ह्यांचं बाक आहे, त्याला वस्तू घट्ट पकडून ठेवायचा लोखंडी वाइस बसवलेला. तिथे आता भिंतीत एक खिळा ठोकलाय आणि त्याला जाड कागदाची कार्डं टांगली आहेत. डोकं, धड, पाय, कान, कोट, पिशवी. प्रत्येक भागाचं एक कार्ड. टाके किती, ओळी किती, लांबी किती. सशाचं धड चक्क कारखान्यातल्या व्हर्नियर मापपट्टीने मोजतात! मी हसले तर म्हणाले, "माप ते माप."

कारखान्यात अशीच पद्धत होती म्हणे. कार्डाच्या पुढे माप, मागे अडचण. कामगाराला साहेबासमोर उभं राहून सांगायची हिंमत नसली की तो कार्डाच्या मागे लिहून ठेवायचा. संध्याकाळी साहेब एकेक कार्ड उलटून बघायचा.

"सशाच्या मागे कसली अडचण लिहिणार? आणि बघायला इथे साहेब कोण बसलाय?"

"पद्धत ती पद्धत," म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लोकरवाल्याकडे गेलो. लाल लोकर, हिरवी लोकर, कॉलरवरच्या भरतकामाला सोनेरी दोरा. चाळीस वर्षं मी त्या दुकानात जाते. उन्हात उभी राहून, घामाघूम होऊन लोकर निवडली आहे. आज ह्यांनी रंग सांगितला मात्र, लोकरवाला हातातलं गिऱ्हाईक सोडून आला. "काका, तुम्ही स्वतः विणता? वा वा वा! बसा ना!" आणि आतून स्टूल आणलं.

त्या दुकानात स्टूल आहे हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

मी उभीच होते. पिशवी माझ्या हातात.

१५ ऑक्टोबर

कालच्यावर अजून. पुरुषाने विणलं तर वा वा वा, बाईने विणलं तर "ताई, किती गुंडे देऊ?" मी ह्या घरात विणलेल्या वस्तू मोजल्या. आठवतील तेवढ्या. एकशे चौदावर थांबले. त्यातल्या एकीचाही कोणी फोटो काढलेला नाही. सासूबाईंची शाल तर त्यांच्याबरोबर गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

खालच्या मजल्यावरची शेजारीण डबा परत द्यायला आली आणि सशाजवळ बसली ती अर्धा तास. धड जोडलं आहे, पाय जोडलेत, पायात छोटे तपकिरी बूट. बूट खरंच गोंडस आहेत. नाडीसुद्धा आहे, सुटते आणि बांधता येते. ती बूट काढून बघत होती, घालून बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली — शब्द जसेच्या तसे लिहिते —

"तुम्हालाही शिकवतात का हो थोडंफार?"

मी हसले. दात दिसतील इतकं हसले. ती गेल्यावर डबा घासायला घेतला. तो घासलेलाच होता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कोट झाला. आता कॉलरवर सोनेरी दोऱ्याची वेल चालली आहे. हातात धरून भरतील तर शपथ! कॉलरला लाकडी पट्ट्या लावल्या आणि ती वाइसमध्ये आवळली. मग खुर्चीवर बसून उजव्या हाताने टोचताहेत. म्हटलं, "अहो, भरतकाम आहे ते, लोखंड नाही." म्हणाले, "हलत नाही असं धरलं की." नवी फॅशन. उद्या शेजारीण स्वतःच्या घरी वाइस बसवून घेईल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

हल्ली मागच्या खोलीचं दार लोटून घेतात. आत विणतात. माझ्यासमोर सुया हातात धरतच नाहीत. मी गेले की तार वाकवत बसलेले दिसतात, छत्रीच्या काड्या. पक्कड, तार, कानस. सुया खोक्यात.

कळलं मला. आता माझ्याकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. मोठे कलाकार असेच असतात म्हणतात, काम चालू असताना कोणाची नजर चालत नाही.

२८ ऑक्टोबर

छत्री उघडते. हिरवी, आठ काड्यांची, तळहातावर मावेल एवढी. मी तीनदा उघडली आणि मिटली. नंतर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

कानावर अडकले आहेत. कालपासून चार वेळा उसवला! मी बाहेरून ऐकते, लोकर ओढल्याचा तो सरसर आवाज मला शंभर आवाजांतून ओळखू येतो. एवढा नीटनेटकेपणाचा सोस! मी माझ्या संसारात चार वेळा कान उसवत बसले असते तर पोरं उघडी फिरली असती.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात अर्धा कान, सुईसकट. मी म्हटलं, "काय हवंय? पाणी?" तर म्हणाले, "नाही, काही नाही. तुझं चालू दे." आणि गेले. दाखवायला आले असणार. माझं तोंड बघून बेत बदलला. बरंच झालं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कान लागले. दोन्ही. आणि मला — लिहितेच — आनंद झाला. दोन्ही कान लोंबताहेत! ढिले विणलेत. खांद्यांवर पडल्यात दोन चिंध्या. डोकं केवढं गच्च, धड केवढं गच्च आणि कान हे असे. अखेर चुकले एकदाचे. मी चहा करताना गुणगुणत होते.

संध्याकाळी शेजारीण आली. "अय्या, कान पाडलेत! काय बिचारा दिसतोय, अगदी खराखुरा!"

संपलं. ह्या माणसाची चूकसुद्धा गोड लागते लोकांना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्यायामवालीचा फोन. बावीस तारखेला दवाखान्यात हातांच्या विभागात मेळावा आहे. ज्यांचे हात बरे झाले त्यांनी केलेल्या वस्तू मांडायच्या. नंतर एक वस्तू तिथल्या काचेच्या कपाटात चार-पाच दिवस ठेवणार. "काकांचा ससा मधोमध ठेवणार आहे मी! नवीन पेशंटना दाखवायला." माझ्याशी बोलत होती ती फोन मी उचलला म्हणून. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही पण या हं. टाळ्या वाजवायला कोणीतरी हवंच की!"

टाळ्या वाजवायला.

ह्यांना सांगितलं. वाटलं, खूष होतील. म्हणाले, "नको म्हणायचं होतंस." आणखी विनय! मी म्हटलं, "का? आता मागे का सरता? जा की, सगळे वाट बघताहेत." जरा जोरात म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं ते लिहिते.

हे सकाळी फिरायला गेले. ससा बाकावर बसला होता. कोट, चष्मा, पिशवी, हातात मिटलेली छत्री. पाहुण्यासारखा बसला होता. मी फक्त केर काढायला गेले होते. मग म्हटलं, कानाची शिलाई तरी बघू कशी केली आहे. शिलाई बघितली. मग शेवटची गाठ नखाने उचलून बघितली. मग ती सुटली.

मग मी ओढत गेले. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. ढिलं विणकाम फार पटकन उसवतं. लहानपणी भावाच्या वहीत शाई सांडली होती तेव्हा वाटलं होतं तसं वाटत होतं. भानावर आले तेव्हा सशाला एकच कान होता आणि माझ्या मांडीत कुरळ्या लोकरीचा ढीग.

उजवा कान. अख्खा.

लोकर पदरात घेतली, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात येऊन चहाच्या डब्यामागे कोंबली. झटका आलेल्या माणसाने वर्षभर धडपडून केलेली वस्तू. मी बाई आहे की कोण आहे?

१५ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांनी बघितलं. बघितलं असणारच, दिवसभर त्याच खोलीत होते! सशाच्या डोक्यावर स्वतःचा धुतलेला रुमाल घातला आहे, टोपीसारखा. जेवताना म्हणाले, "वरणात मीठ बरोबर आहे आज."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

निस्तरायला हवं. किटलीच्या वाफेवर लोकर धरून कुरळेपणा घालवला, ओली करून वाळत टाकली. हे पाणी प्यायला आले, दोरीवर ती करडी लोकर बघितली, पाणी प्यायले, गेले.

मागून मी खोलीत जाऊन खिळ्यावरचं कार्ड बघितलं. "कान, उजवा. टाके १४. ओळी ३४." तेवढं हातावर पेनने लिहून पळाले. चोरासारखी. स्वतःच्या घरात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कान झाला आणि चूक झाली.

त्यांच्याच सुया, त्यांचीच लोकर, चौदा टाके, चौतीस ओळी. मोजून मापून केला. डाव्या कानाशेजारी धरला तर बोटभर तोकडा! आणि ताठ. उभा राहतो तो उभाच. चाळीस वर्षं विणतेय, शिकाऊ पोरीलाही पहिल्या दिवशी सांगते की स्वेटरची एक बाही एकीने आणि दुसरी दुसरीने विणायची नसते. माप कितीही सारखं असो, प्रत्येकीचा हात वेगळा, एकीचा घट्ट, एकीचा सैल. ते लेथवरचं माप नव्हे. घाबरले की माणूस आपलंच शिकवलेलं विसरतं.

पुन्हा उसवून सैल विणायला बसले. नाही जमत. हात ऐकतच नाही. तीन वेळा केला, तीनदा ताठच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे फिरायला गेल्यावर शिवून टाकला. एक कान खाली पडलेला, एक वर उभा. भयंकर दिसतोय. रुमाल परत डोक्यावर घातला.

दुपारी रुमाल काढलेला होता. हे बाकाजवळ उभे राहून सशाकडे बघत होते. मी दारात. त्यांनी उभ्या कानाला बोट लावून तो वाकवला, सोडला. परत उभा राहिला.

"हं," म्हणाले. एवढंच.

ह्याचा अर्थ काय लावायचा? पस्तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांनी साहेबालासुद्धा कधी उलट उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर मला मात्र कळायचं, कारण "हं" म्हणायचे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मेळावा. चमचे-काटे धरायची साधनं, मातीची भांडी, कोणी लिहिलेलं सुवाच्य अक्षर, कोणी रंगवलेली पाटी. ससा मधोमध. गर्दी सशापुढे. आणि कशाचं कौतुक करत होते लोक? कोटाचं नाही. छत्रीचं थोडंसं. कानाचं! "एक कान पाडलाय आणि एक उभा केलाय, काय कल्पना आहे!" "कसलातरी आवाज ऐकतोय जणू!" एक म्हातारे गृहस्थ तर उभ्या कानासमोरून हलेचनात.

माझा कान. माझा घट्ट हात. आणि नाव कोणाचं? ह्यांचं. म्हणजे मी स्वतःचाच हेवा करू लागले की काय! हसू येत होतं आणि रडूही.

व्यायामवालीने ह्यांचा डावा हात धरून सगळ्यांना दाखवला. "हा हात! एक बोट हलत नव्हतं ह्याचं!" ह्यांनी हात पटकन काढून घेतला. मग तिने विचारलं, "काका, कान असा मुद्दाम केलात?"

हे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांसमोर. म्हणाले, "तो कान आमच्या दुसऱ्या खात्यातून येतो. तिथलं काम पक्कं असतं."

सगळे हसले. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. लोकांत मला वाचवलं आणि मला एकटीला बरोबर टोचलं. एवढं धारदार बोलणारा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी कप फोडला. माझा, निळ्या काठाचा. डाव्या हातात घेऊन येत होते, टेबलापर्यंत आणला आणि सोडला. सोडलाच! निसटला वगैरे काही नाही, बोटं उघडली आणि सोडला. मग तुकडे गोळा करत खाली बसले, वर बघेनात.

फेडलं म्हणायचं. कानाच्या बदल्यात कप. माझी हक्काची शिक्षा आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ससा परत घरी आला. लेकीने फोनवर व्हिडिओ लावला, नातीने ससा बघितला. छत्री उघडून दाखवली, खिशात बोट घालून दाखवलं. ती पडद्याला नाक चिकटवून बघत होती. मग म्हणाली, "आजोबा, त्याचा एक कान झोपलाय आणि एक जागा आहे!"

हे म्हणाले, "जागा आहे तो आजीने केलाय."

"आजीला येतं?"

"आजीनेच मला शिकवलं. माझा गुरू आहे ती."

नातीने पडद्यावरून नाक काढलं. मग, "आजी, मला त्याचा स्वेटर पण हवा. थंडीत कोट पुरणार नाही त्याला. बदकांचा."

मी "बघू" म्हटलं आणि आत गेले. डोळे पुसले. हा माणूस मला टोचतोय की काय करतोय? टोचणारा माणूस गुरू म्हणतो का? काहीच कळेना. बदकांच्या चोचींची लोकर काढून ठेवली आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे फिरायला गेलेत. माझ्याविरुद्ध काय लिहून ठेवलंय ते एकदा बघून टाकू म्हणून खिळ्यावरची कार्डं उलटली.

कोट, मागे: "कॉलर डाव्या हातात धरवत नाही. वाइस वापरला."

कान, डावा, मागे: "बारा वेळा उसवला. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हींना लोकर कळत नाही. ऑक्टोबरपासून. वाढतंय. हिला विचारायला गेलो होतो. ही कशावरून तरी चिडलेली आहे."

कान, उजवा, मागे: "हिने न विचारता उसवून नवा केला. म्हणजे हिच्या लक्षात आलंय. बरं झालं, सांगावं लागलं नाही."

माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. मीच ती लोकर त्या करंगळीभोवती गुंडाळायला शिकवली, आणि कान ढिले दिसले तेव्हा मी चहा करताना गुणगुणत होते.

दवाखान्याची फाईल काढली आहे. चपला घालून दारात बसले आहे. जिन्यात त्यांची पावलं वाजताहेत. डावं पाऊल घासत येतंय, हेही आजच ऐकलं.

दीड महिना कार्डं समोर टांगलेली होती. उलटून बघायचं काम माझं होतं.